बिलावरचा खाते क्रमांक कोण तपासतो? छोट्या कारखान्यासाठी ई-इनव्हॉइस आणि पेमेंटची सुरक्षित पद्धत

गेल्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा मला सकाळी सकाळी फोन आला. मी त्यांचं जीएसटीचं काम बघतो. "अहो, पार्टी म्हणते पेमेंट केलंय, यूटीआरसुद्धा पाठवलाय. आपल्या खात्यात तर रुपया नाही." यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, खरा निघाला. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये पुण्याच्या खरेदीदाराकडून निघाले होते, फक्त ते भलत्याच खात्यात पोचले होते.

झालं असं होतं की खरेदीदाराच्या अकाउंट्स खात्याला एक मेल आला: "ऑडिटमुळे आमचं चालू खातं तात्पुरतं बंद आहे, यापुढचं पेमेंट खालील खात्यावर करावं." सोबत बिलाची पीडीएफ. बिल आमचंच. तोच नंबर, तीच रक्कम, तोच आयआरएन (सरकारी पोर्टलने दिलेला बिलाचा नोंदणी क्रमांक), तोच क्यूआर. तिथल्या मुलाने क्यूआर तपासायच्या अ‍ॅपने स्कॅनसुद्धा केला आणि बिल खरं असल्याचं अ‍ॅपने सांगितलं. त्याने पेमेंट सोडलं. पीडीएफच्या तळाशी असलेल्या चार ओळी, म्हणजे बँकेचं नाव, शाखा, खाते क्रमांक आणि आयएफएससी, तेवढ्या बदललेल्या होत्या.

त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याने निदान क्यूआर तपासला, बहुतेक ठिकाणी तेवढंही होत नाही. पण त्या क्यूआरमध्ये काय असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिलाचा नंबर, तारीख, एकूण रक्कम, किती बाबी आहेत, मुख्य मालाचा एचएसएन कोड आणि आयआरएन, एवढंच त्यात असतं. बँक खातं त्यात नसतं. सरकारी सही बिलावर असते, बिलाखाली छापलेल्या खात्यावर नसते. ही एक गोष्ट मालकापासून बिलं काढणाऱ्या मुलीपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे. म्हणून खालची पद्धत बिल जसं प्रवास करतं त्याच क्रमाने लिहिली आहे.

पायरी १: ई-इनव्हॉइस तुम्हाला लागू आहे का

ई-इनव्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल. ते १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून सुरू झालं. मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. गोंधळ होतो तो उलाढाल मोजण्यात. ही उलाढाल पॅनवर मोजतात. कोल्हापुरात एक युनिट आणि निपाणीला दुसरं असेल, दोन्हीकडे वेगळा जीएसटी क्रमांक असेल, तरी बेरीज एकच. करमुक्त माल आणि निर्यातही त्यात धरायची. शिवाय २०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षी ५ कोटींच्या वर गेला असाल तर नियम लागू झाला. पुढे धंदा मंदावून उलाढाल साडेतीन कोटींवर आली तरी सुटका नाही.

ई-इनव्हॉइस लागतं ते जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकाच्या बिलाला, निर्यातीला आणि त्यांच्या क्रेडिट-डेबिट नोटांना. किरकोळ ग्राहकाच्या बिलाला लागत नाही. मशीनिंगसाठी जॉबवर्कला माल पाठवताना डिलिव्हरी चलनावर आयआरएन लागत नाही, पण जॉबवर्क करणारा ५ कोटींच्या वरचा असेल तर त्याच्या मजुरीच्या बिलावर लागतो. नियम लागू असताना आयआरएनशिवाय काढलेलं बिल कायद्याच्या नजरेत बिलच नाही. ग्राहकाचं क्रेडिट, म्हणजे त्याला मिळणारी भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं आणि त्यापाठोपाठ तुमचं पेमेंट.

पायरी २: आयआरएन गाडी गेटबाहेर पडण्याआधी

समजा १,२०० किलो कास्टिंग ९५ रुपये दराने पुण्याला चाललंय. किंमत १,१४,००० रुपये, १८ टक्के कर २०,५२० रुपये, एकूण १,३४,५२०. तुमचं सॉफ्टवेअर ही माहिती आयआरपीकडे, म्हणजे बिल नोंदणीच्या पोर्टलकडे पाठवतं. पोर्टल विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, कागदाचा प्रकार, बिलाचा नंबर आणि आर्थिक वर्ष या चारांपासून ६४ अक्षरी आयआरएन बनवतं, त्यावर डिजिटल सही करतं आणि क्यूआरसकट परत देतं. सॉफ्टवेअर जोडलेलं असेल तर हे काही सेकंदांत होतं. सॉफ्टवेअर नसेल तर एनआयसी या सरकारी संस्थेचं मोफत साधन आहे, त्यात माहिती भरूनही काम भागतं.

आयआरएन या चार गोष्टींवरून बनतो, म्हणून एका वर्षात तोच बिल नंबर दुसऱ्यांदा वापरता येत नाही. रद्द केलेल्या बिलाचा नंबरही गेला तो गेलाच. रद्द करायची मुदत २४ तास. त्यातही ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. २४ तास उलटले की क्रेडिट नोट काढायची. पोर्टलवर दुरुस्तीची सोय नाही. म्हणून पाठवायचं बटण दाबण्याआधी ग्राहकाचा जीएसटी क्रमांक आणि पिनकोड मोठ्याने वाचून बघा. आमच्याकडे निम्म्या चुका पिनकोडच्या असतात.

बिलाचा नंबर १६ अक्षरांच्या आत ठेवा. त्यात आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढीच चिन्हं चालतात. उलाढाल १० कोटी किंवा जास्त असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेनंतर ३० दिवसांत नोंद करावी लागते. एकतिसाव्या दिवशी पोर्टल बिल घेतच नाही. "महिनाअखेरीला एकदम चढवू" ही सवय ज्यांना आहे, त्यांनी ती सोडावी.

आयआरएन मिळाल्यावर पोर्टलने सही करून पाठवलेली जेसन फाइल जपून ठेवा, नुसती पीडीएफ पुरत नाही. पीडीएफ कुणीही खोडून नव्याने बनवू शकतो. जेसनमधलं अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने कागद सांभाळायचे असतात. त्याची एक प्रत ऑफिसच्या संगणकावर असावी आणि एक बाहेर कुठेतरी. दर शनिवारी एका हार्ड डिस्कवर प्रत काढून ती डिस्क मालकांनी घरी नेली तरी पुरे.

पायरी ३: चाव्या कुणाकडे

१ एप्रिल २०२५ पासून ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाच्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी सगळ्यांनाच सक्तीची आहे. पासवर्डनंतर ओटीपी लागतो. परिणाम काय झाला? मालक भट्टीजवळ उभे, ऑफिसमधून दिवसात दहा वेळा फोन: "साहेब, ओटीपी सांगा." मग मालक कंटाळून तो मोबाइलच ऑफिसात ठेवून देतात. बऱ्याचदा त्याच नंबरवर बँकेचेही ओटीपी येतात. म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच टेबलावर.

यावर सोपा उपाय आहे. पोर्टलवर उप-वापरकर्ते तयार करता येतात. बिल काढणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर वेगळं लॉगिन द्या आणि फक्त बिलाचे अधिकार द्या. नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी ते बंद करा. सॉफ्टवेअरसाठी पोर्टलवर वेगळा एपीआय पासवर्ड असतो. सॉफ्टवेअर बदललं, सेवा देणारा माणूस बदलला, की तोही बदला. हे मी बजावून सांगतो, कारण जुन्या ऑपरेटरच्या वहीत तीन-तीन कंपन्यांचे पासवर्ड लिहिलेले मी पाहिलेत.

पायरी ४: बिल पाठवताना

आमच्या प्रकरणात चोर शिरला तो फाउंड्रीच्या ईमेलमधून. मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये कुणीतरी एक नियम टाकून ठेवला होता: विषयात 'पेमेंट' शब्द असलेला प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर आपोआप पुढे जात होता. किती महिने जात होता, देव जाणे. कोणत्या पार्टीचं किती येणं आहे, कधी येणार आहे, सगळं त्या माणसाला घरबसल्या कळत होतं. मग त्याने कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन घेतलं. नावात इंग्रजी 'एम' होता, त्याच्या जागी छोट्या लिपीतले 'आर' आणि 'एन' चिकटून लिहिले. स्क्रीनवर डोळ्याला फरक कळत नाही. चष्मा लावून मी दोनदा पाहिलं तेव्हा कुठे दिसला.

म्हणून आजच्या आज एवढं करा. ऑफिसच्या ईमेलला दुहेरी पडताळणी लावा. सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा आणि अनोळखी पत्ता दिसला तर काढा. त्यानंतर पासवर्ड बदला आणि बाकी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. हे शेवटचं विसरू नका, नाहीतर आत बसलेला माणूस आतच राहतो.

दुसरं काम ग्राहकाशी. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक पार्टीला कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, रद्द केलेल्या चेकची प्रत जोडून एक पत्र द्या. त्यात लिहा: आमचं खातं हेच, बदललं तर आम्ही समक्ष किंवा तुमच्या माहितीच्या नंबरवर फोन करून सांगू, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली खातेबदलाची सूचना आमची समजू नये. हेच वाक्य प्रत्येक बिलावर बँकेच्या तपशिलाखाली ठळक छापा. आम्ही ते त्या घटनेनंतर छापायला लागलो.

तिसरं, बिलावर दोन क्यूआर असतील तर प्रत्येकाखाली नाव लिहा. एक जीएसटीचा, बिल तपासायचा. दुसरा यूपीआयचा, पैसे भरायचा. जीएसटीच्या क्यूआरने पैसे भरता येत नाहीत. तो पेमेंट अ‍ॅपने स्कॅन करून "चालत नाही हो" म्हणणारे ग्राहक आठवड्याला भेटतात, आणि मग "थांबा, दुसरा पाठवतो" म्हणणाऱ्या भामट्याला जागा मिळते.

पायरी ५: पैसे घेताना

रक्कम मोठी असेल तर एनईएफटी किंवा आरटीजीएस. दोन्ही आता चोवीस तास चालतात, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून. एनईएफटी अर्ध्या तासाच्या तुकड्यांत जातं, आरटीजीएस त्याच क्षणी जातं आणि किमान २ लाखांचं असावं लागतं. आयएमपीएसची मर्यादा ५ लाख. काउंटरवरच्या छोट्या विक्रीला यूपीआय उत्तम.

"पेमेंट केलं" असा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. यूटीआर नंबर म्हणजेही पेमेंट नव्हे, हे आमच्या प्रकरणात दिसलंच. माल सोडायचा तो स्वतःच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम दिसल्यावर. त्यासाठी गेटवरच्या माणसाला मालकाच्या फोनची वाट बघायला लावू नका, खात्याचं फक्त बघण्यापुरतं लॉगिन अकाउंटंटला द्या. बहुतेक बँका ते देतात.

यूपीआयबद्दल एकच नियम सगळ्या कामगारांना तोंडपाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर रोज सकाळी दुकान उघडताना स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून नाव बघा, त्यावर दुसरा स्टिकर चिकटवल्याचे प्रकार घडतात. शक्य असेल तिथे बिलाची रक्कम आणि नंबर आतच असलेला डायनॅमिक क्यूआर द्या. ग्राहकाला रक्कम टाकावी लागत नाही आणि संध्याकाळी कोणाचे पैसे कोणत्या बिलाचे ते शोधावं लागत नाही.

उशिरा पैसे देणाऱ्यांबद्दल थोडं. तुम्ही उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर तो क्रमांक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे यायला हवेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. खरेदीदाराने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, ही आठवण त्याच्या सीएला नम्रपणे करून दिली तर काम होतं. ग्राहक मोठी कंपनी असेल तर ट्रेड्स, म्हणजे बिलावर आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था, बघा. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट यांसारख्या मंचांवर कंपनीने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात आणि पैसे आधी मिळतात. पुढे कंपनीने पैसे थकवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा विचारायला लाजू नका.

पायरी ६: पैसे देताना

खरा धोका इथे आहे, आणि नेमकी इथेच घाई असते. शनिवार दुपार, कच्च्या मालाची गाडी बाहेर उभी, पुरवठादार फोनवर.

कारण समजून घ्या. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. वर्षानुवर्षं तुम्ही लाभार्थीचं नाव काहीही लिहिलं तरी पैसे त्या क्रमांकाच्या खात्यात पडत होते, म्हणून खोटं खातं खऱ्या नावाने खपत होतं. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत सोय करायला सांगितली: खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं बँकेतलं नाव दिसलं पाहिजे, तेही मोफत. ते नाव वाचा. फर्मच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा.

खातेबदलाची सूचना आली तर क्रम असा. मेलला उत्तर देऊ नका. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नका. तुमच्या जुन्या फाइलमधल्या, खरेदी ऑर्डरवरच्या नंबरवर फोन करा आणि ज्यांचा आवाज ओळखता त्यांच्याशी बोला. "दादा, तुमचं खातं बदललंय का? शेवटचे चार आकडे सांगा." आकडे तुम्ही वाचून दाखवायचे नाहीत, त्यांनी सांगायचे. मग नवा रद्द चेक घ्या. पहिलं पेमेंट एक रुपयाचं करा आणि तो मिळाल्याचं पुन्हा फोनवरच विचारा. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. पुरवठादार चिडला तर चिडू द्या.

नेट बँकिंगमध्ये एकाने पेमेंट भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, अशी व्यवस्था चालू खात्याला मिळते. बँकेत अर्ज करून ती सुरू करून घ्या. भरणारा अकाउंटंट, मंजूर करणारा मालक; दोघांचे मोबाइल वेगळे. नवरा-बायको मिळून धंदा बघत असतील तरी हेच. नवा लाभार्थी जोडण्याचा अधिकार मालकाकडेच ठेवा आणि रोजची मर्यादा गरजेपुरतीच ठेवा. बँकेची साइट शोध इंजिनमधून उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा. बँकांना आता 'डॉट बँक डॉट इन' हा खास पत्ता दिलेला आहे, शेवट तोच आहे ना ते बघा. आणि ज्या मोबाइलवर बँकेचे ओटीपी येतात त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी, फाइल कधीही उघडू नका, मग ती आरटीओच्या दंडाची असो नाहीतर लग्नपत्रिकेची. ती फाइल तुमचे मेसेज वाचायला बसते.

चेकने देणार असाल तर ५० हजारांवरच्या चेकचा तपशील पॉझिटिव्ह पेमध्ये आधी बँकेला कळवा.

पायरी ७: रोजचा ताळमेळ

महिन्यातून एकदा बँक ताळमेळ करणाऱ्याला फसवणूक महिन्याने कळते. रोज संध्याकाळी दहा मिनिटं द्या: आज आलेली प्रत्येक रक्कम कोणत्या बिलाची, गेलेली कोणत्या बिलाची. ज्या पार्टीची तारीख उलटली तिला दुसऱ्याच दिवशी फोन करा. वसुलीचा फोन हीच चोरी पकडायची सगळ्यात जुनी रीत आहे. आमच्या मालकांनी संकोचापोटी अकरा दिवस फोन केला नाही, आणि त्या अकरा दिवसांत सगळं संपलं.

खरेदीच्या बाजूने आठवड्याला जीएसटी पोर्टलवरची इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम उघडा. ऑक्टोबर २०२४ पासून ती आहे. तुमच्या नावावर कुणी काढलेली बिलं तिथे दिसतात आणि ती मान्य, नामंजूर किंवा प्रलंबित करता येतात. न घेतलेल्या मालाचं बिल दिसलं तर लगेच नामंजूर करा. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणारी सोय १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. भागीदारी फर्मला सक्ती नसली तरी ती चालू ठेवा, मागच्या तारखेचं बिल कुणी बदललं ते त्यात दिसतं.

पायरी ८: पैसे चुकीच्या खात्यात गेले तर

पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, मग आपल्या बँकेला. दोन्ही त्याच तासात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पोलीस ठाण्यात जाण्यासाठी सोमवारची वाट बघू नका. १९३० वर तक्रार गेली की ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवून खात्यात उरलेली रक्कम रोखली जाते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचांत पसरवतो, म्हणून इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. आमच्या प्रकरणात अकराव्या दिवशी तक्रार झाली तेव्हा पहिल्या खात्यात एकोणीसशे रुपये उरले होते. बाकीचं नुकसान शेवटी फाउंड्री आणि खरेदीदार यांनी निम्मं-निम्मं सोसलं. वीस वर्षांचा व्यवहार होता म्हणून ते जमलं.

फोनवर काय काय विचारतात ते त्या वेळी आठवत नाही, हात थरथरत असतात. म्हणून त्या ऑफिसात बिलाच्या टेबलासमोर भिंतीवर आम्ही एक कागद चिकटवलाय: १९३०, बँकेचा चोवीस तासांचा नंबर, आणि खाली रिकाम्या रकान्यांत यूटीआर, रक्कम, पेमेंटची तारीख-वेळ, आपलं खातं, समोरचा खाते क्रमांक, आयएफएससी. शेजारी दोरीने पेन बांधून ठेवलाय.